पेरूतली कचकच, कमळकाकडीचे धागे: बाजाराच्या पिशवीतून पेशी आणि ऊतींचा अभ्यास

नववीच्या विज्ञानात ऊती (एकाच कामासाठी एकत्र आलेल्या पेशींचे गट) येतात, अकरावीला पुन्हा येतात, आणि दोन्ही वेळा बहुतेक मुलं तक्ता करून पाठ करतात. एका रकान्यात पेशीचं नाव, दुसऱ्यात रचना, तिसऱ्यात कार्य. तक्त्याने मार्क मिळतात, नाही असं नाही. पण ‘तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं’ असं झोकात लिहिणाऱ्या मुलाला ‘मग त्यामुळे तिचं काय अडतं?’ असं विचारा, तो गप्प होतो. हा लेख त्या चौथ्या, कुणी न आखलेल्या रकान्यासाठी आहे. एखादी पेशी एका कामात तरबेज होते तेव्हा ती बाकीची कामं सोडून देते. काय मिळालं आणि त्यासाठी काय सोडलं, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या तरच रचना आणि कार्य यांचा सांधा जुळतो.

त्यासाठी लागणारे नमुने भाजीवाल्याकडे, कोळणीच्या टोपलीत आणि सोसायटीच्या बागेत मिळतात. अनुभवाने सांगतो, वनस्पतींपासून सुरुवात करा. त्यांच्या पेशी मोठ्या असतात, भिंती स्पष्ट दिसतात, आणि श्रावणात घरात मासे-मटण येत नसलं तरी अभ्यास अडत नाही.

सामान

शाळेत असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो: नेत्रिका (डोळ्याकडचं भिंग) १० पटीची आणि वस्तुभिंगं (नमुन्याकडची) ४, १० आणि ४० पटीची. म्हणजे एकूण ४०, १०० आणि ४०० पट. याहून मोठे आकडे सांगून विकली जाणारी खेळणी घेऊ नका. भिंग चांगलं नसेल तर हजार पटीने मोठा केलेला धूसरपणाच दिसतो. बजेट कमी असेल तर कागदाचा फोल्डस्कोप चालेल. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी तो तयार केला, २०१४ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. सुमारे १४० पट दिसतं. कांदा, पर्णरंध्रं (पानावरची बारीक छिद्रं), मूलरोम (मुळावरचे केस) यांना तो भरपूर आहे; स्नायूवरचे पट्टे पाहायला मात्र कमी पडतो.

काचपट्ट्या, आच्छादन काचा आणि सॅफ्रानिन हा लाल रंग मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत मिळतं. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगासाठी एवढ्या लांब जायची गरज नाही. माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात ते माशांचं औषध म्हणून बाटलीत मिळतं. थेंबभर घेऊन ते आकाशी रंगाचं दिसेपर्यंत पाण्यात पातळ करा. आयोडीन म्हणून केमिस्टकडचं बीटाडिन पातळ करून चालतं. शिवाय नवं ब्लेड, दोन सुया, चित्रकलेचा बारीक ब्रश आणि टिपकागद.

मुंबईतला खरा शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबरची दमट हवा. भिंगावर बुरशी धरते आणि एकदा काचेवर जाळं पसरलं की ते निघत नाही. सूक्ष्मदर्शक लाकडी किंवा कापडी पेटीत न ठेवता झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या महिन्याभराने बदला.

आधी मोजायला शिका

ही पायरी सगळे गाळतात, आणि मग ‘पेशी छोटी दिसली’ एवढंच लिहितात. प्लास्टिकची पारदर्शक पट्टी ४० पटीखाली ठेवा आणि दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. साधारण साडेचार मिलिमीटर येतो, पण प्रत्येक सूक्ष्मदर्शकाचा वेगळा असतो, म्हणून स्वतः मोजा. मग १०० पटीला तो अडीचने आणि ४०० पटीला दहाने भागायचा: १.८ आणि ०.४५ मिलिमीटर. आता कांद्याच्या पातीवरच्या साध्या पापुद्र्यातल्या पेशी १०० पटीखाली वर्तुळात लांबीच्या दिशेने सहा बसल्या, तर एक पेशी ०.३ मिलिमीटर लांब.

मापाचा उपयोग काय? एक मिलिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठभाग ६, आकारमान १. बाजू दुप्पट करा: पृष्ठभाग २४, आकारमान ८. म्हणजे प्रत्येक घन मिलिमीटरच्या वाट्याला आधी ६ चौरस मिलिमीटर पृष्ठभाग होता, आता ३ उरला. प्राणवायू, पाणी, साखर हे सगळं पृष्ठभागातूनच आत-बाहेर जातं, त्यामुळे पेशी नुसती फुगून मोठी होऊ शकत नाही. मोठं व्हायचं तर लांबट व्हावं लागतं, चपटं व्हावं लागतं, नाहीतर पृष्ठभागाला घड्या आणि केस फुटावे लागतात. पुढचा अर्धा लेख याच तीन उपायांचा आहे.

रिओचं पान: दार उघडणाऱ्या पेशी

वर हिरवं, खाली जांभळं, तलवारीसारखं पान असलेलं रिओचं झाड बहुतेक सोसायट्यांच्या कुंडीत असतं. चीक काहींच्या त्वचेला खाजरा लागतो, हात धुवा. पान जांभळी बाजू वर येईल असं धरून तिरकं फाडा. कडेला पातळ जांभळा पापुद्रा सुटतो. तो पाण्याच्या थेंबात पसरा, आच्छादन काच एका कडेने हळू टेकवत ठेवा म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत.

१०० पटीखाली जांभळ्या पेशींची फरशी आणि तिच्यात मधूनमधून हिरव्या पेशींच्या जोड्या दिसतात. या रक्षक पेशी. अपित्वचेच्या, म्हणजे पानाच्या बाहेरच्या आवरणाच्या, बाकीच्या पेशींत हरितलवकं नाहीत, यांच्यात आहेत. ४०० पटीवर नीट पाहा: रंध्राकडची भिंत जाड, बाहेरची पातळ. पेशीत पोटॅशियमचे आयन शिरतात, त्यांच्यामागून पाणी शिरतं, पेशी फुगते. भिंतीतले सेल्युलोजचे धागे पेशीभोवती आडवे गुंडाळलेले असल्याने ती जाड होऊ शकत नाही, लांबते. पण आतली जाड भिंत लांबायला तयार नसते, म्हणून पेशी बाहेरच्या बाजूला वाकते आणि मधली फट उघडते.

आता अर्धा कप पाण्यात, म्हणजे साधारण १०० मिलिलिटरमध्ये, सपाट चमचाभर मीठ विरघळवा. काचेच्या एका कडेला त्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून आतलं साधं पाणी ओढून घ्या. डोळा नेत्रिकेवरून हलवू नका. काही मिनिटांत जांभळा रंग भिंतीपासून सुटून आत आकसत जातो. तो रंग रिक्तिकेतल्या (पेशीच्या आतल्या थैलीतल्या) रसाचा आहे, म्हणून पाणी कुठून बाहेर गेलं ते डोळ्यांना दिसतं. लगेच साधं पाणी आत सोडलंत तर बऱ्याच पेशी पुन्हा भरतात. रक्षक पेशींचं सगळं काम हे पाणी घेण्यासोडण्यावर चालतं, आणि त्याची किंमतही तीच आहे: कार्बन डायऑक्साइड हवा असेल तर फट उघडावी लागते आणि उघड्या फटीतून वाफ जातेच. दोन्ही एकदम साधत नाही.

झाडांची तुलना करायची असेल तर पानाच्या खालच्या बाजूला रंगहीन नेलपॉलिशचा थर द्या, सुकल्यावर चिकटपट्टीने उचला आणि ती पट्टी काचेवर डकवा. पानाचा ठसा मिळतो. जुलैत नेलपॉलिश सुकता सुकत नाही, पंख्याखाली धरा. जास्वंदीवर हे उत्तम जमतं. महामार्गाच्या दुभाजकांवर लावतात त्या कण्हेरीवर जमत नाही, आणि का जमत नाही हेच शिकण्यासारखं आहे: तिची पर्णरंध्रं पानाच्या खालच्या बाजूच्या खळग्यांत खोल दडलेली असतात आणि खळग्यात केस असतात. आत अडकलेली दमट हवा बाहेरच्या गरम वाऱ्याने उडून जात नाही. हे पाहायला पानाचा आडवा काप घ्यावा लागतो. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे, तेव्हा हा काप मोठ्यांनी घ्यावा, लहान मुलांच्या हाती देऊ नये, ब्लेड आणि हात साबणाने धुवावेत.

काप घ्यायची रीत सगळ्याच नमुन्यांना एक: पानाचा तुकडा बटाट्याच्या किंवा गाजराच्या चिरेत बसवा, ब्लेड ओलं करा, आणि जाडीचा विचार न करता भराभर पंचवीस-तीस काप पाण्याच्या वाटीत पाडा. त्यातला सगळ्यात पातळ, जवळजवळ न दिसणारा, ब्रशने उचला. पूर्ण गोल काप मिळाला नाही तरी चालतो. पातळ तुकडा जाड वर्तुळापेक्षा कधीही बरा.

आधार: पुदिना, पेरू आणि नारळ

तुळशीचं खोड हातात फिरवलं तर चौकोनी लागतं. पण घरातली तुळस ब्लेडने कापू देणारी आजी मला अजून भेटायची आहे. पुदिना त्याच कुळातला, खोड तसंच चौकोनी, आणि जुडी भाजीवाला देतोच. त्याच्या कोवळ्या खोडाचे आडवे काप घ्या. चारही कोपऱ्यांत जाड कोपऱ्यांच्या, चकाकणाऱ्या पेशींचे गठ्ठे दिसतात. ही स्थूलकोन ऊती. पेशी जिवंत आहेत, भिंतींची जाडी सगळीकडे सारखी नाही, आणि लिग्निन (भिंत कडक करणारा पदार्थ) नसल्याने सॅफ्रानिनचा गडद लाल रंग त्या धरत नाहीत. म्हणून खोड वाढताना ती ताणली जाते, वाऱ्यात वाकते, मोडत नाही.

आता पेरू. दाताखाली कचकचतो तो गर नखभर घ्या, काचेवर दाबून पसरा, सॅफ्रानिनचा थेंब टाका आणि दोन मिनिटांनी पाण्याने धुवा. मऊ, पातळ भिंतींच्या मोठ्या पेशींच्या पसाऱ्यात लाल झालेल्या पेशींचे झुबके दिसतील. भिंत इतकी जाड की आतली पोकळी ठिपक्याएवढी उरलेली. त्या ठिपक्यापासून भिंतीतून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात, त्या खाचा आहेत. भिंत जाड होत असताना शेजारच्या पेशींशी देवाणघेवाण या खाचांतूनच चालू होती. काम संपलं, लिग्निन साचलं, पेशी मेली. दृढ ऊतीचा हा पेशीप्रकार नारळाच्या करवंटीत ठासून भरलेला असतो, तर काथ्यात त्याच ऊतीचे लांब, टोकदार तंतू असतात. एकच पदार्थ, लिग्निन. आकार गोलसर असला तर दाब सोसायला, लांबट असला तर ताण सोसायला.

पुदिना आणि पेरू शेजारी ठेवले की फरक पटतो. पुदिन्याची पेशी जिवंत राहिली म्हणून वाढीला जागा राहिली. पेरूच्या पेशीने कडकपणा मिळवला आणि त्या बदल्यात वाढणं, विभागणं, जगणंच सोडलं.

बटाट्याबद्दल थोडक्यात: किंचित खरवडून आयोडीन लावा, पिठाचे निळे-काळे कण दिसतात. साठवणीची मूल ऊती म्हणजे पातळ भिंतीची थैली, त्यात फार विशेष काही नाही.

कमळकाकडी: पाण्याच्या नळ्या

जलवाहिन्यांसाठी पुस्तकं नेहमी खोडाचा आडवा काप दाखवतात. त्यात फक्त भोकं दिसतात. कमळकाकडी, किंवा दादरच्या फूलबाजारातून आणलेल्या कमळाचा देठ, हाताने मोडा आणि दोन्ही तुकडे अगदी हळू लांब न्या. मध्ये रेशमासारखे धागे ताणले जातात. ते धागे काचेवर पाण्याच्या थेंबात घ्या आणि ४०० पटीवर पाहा: प्रत्येक धागा म्हणजे उलगडलेलं वेटोळं. जलवाहिनीच्या आतल्या बाजूला लिग्निनचं सर्पिल बसवलेलं असतं, देठ मोडल्यावर तेच सुटून बाहेर येतं.

सर्पिलच का? पानातून बाष्प उडतं तेव्हा जलवाहिनीतलं पाणी वरून ओढलं जातं, आतला दाब कमी होतो आणि पातळ भिंत आत चिमटायला बघते. लिग्निनचं वेटोळं तिला उघडी धरतं. पण देठ अजून वाढतोय, अखंड कडक भिंत असती तर वाढच खुंटली असती. वेटोळं मात्र देठाबरोबर लांबतं. जिथे वाढ थांबली तिथल्या जलवाहिन्यांत जवळजवळ पूर्ण भिंत लिग्निनची असते, फक्त खाचा मोकळ्या.

पाणी विनाअडथळा जावं म्हणून पेशी आतला सगळा जीवरस, केंद्रकासह, नाहीसा करते आणि एकावर एक आलेल्या पेशींमधल्या आडव्या भिंती विरघळतात. मेल्याशिवाय तिचं काम सुरूच होत नाही. शेजारच्या रसवाहिनीचं उलट: ती जिवंत राहते, कारण साखर आत भरायला ऊर्जा लागते, पण तिनेही केंद्रक सोडलेलं असतं आणि बारीकसारीक कारभार शेजारची सहपेशी सांभाळते. रसवाहिन्या घरच्या कापात ओळखणं कठीण आहे, त्यासाठी तयार काचपट्टी पाहा.

कमळकाकडीची मोठी भोकं जलवाहिन्यांची नाहीत हे लक्षात ठेवा. ते हवेचे बोगदे आहेत, पानातली हवा चिखलातल्या कंदापर्यंत नेणारे. असाच प्रश्न तिवराने खाडीत वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. शिवडीला किंवा ऐरोलीला ओहोटीच्या वेळी गेलात तर चिखलातून सरळ वर आलेली पेन्सिलीएवढी श्वसनमुळं दिसतात. पृष्ठभागावर छिद्रं, आत वायू ऊती. तिवर बहुतेक मीठ मुळांपाशीच अडवतं, आणि तरी आत शिरलेलं पानांवरच्या मीठग्रंथींतून बाहेर टाकतं. कोरड्या दुपारी पानावर मिठाचे कण हातभिंगाने दिसतात. ग्रंथींना हे काम फुकट करता येत नाही, आयन बाहेर ढकलायला ऊर्जा जाते. खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून पान तोडू नका, जागेवरच पाहा. आणि खारट लागतं का हे चाटून बघू नका, मुंबईच्या खाडीत काय काय येऊन मिळतं ते आपल्याला ठाऊक आहे.

मोहरीचे मूलरोम

डब्यात ओला टिपकागद, त्यावर मोहरीचे दहा-बारा दाणे, वर झाकण. दोन-तीन दिवसांत मुळाच्या टोकाच्या थोडं मागे पांढरी लव दिसते. मुलं तिला बुरशी समजून फेकून देतात. बुरशी वेडीवाकडी पसरते आणि दाण्यावरही चढते. मूलरोम एका ठरावीक पट्ट्यातच, मुळाला काटकोनात, सारख्या लांबीचे असतात. कपड्यात बांधून मोड आणलेल्या मटकीवर ते क्वचितच धड राहतात, कारण दाबले जातात.

मूळ चिमट्याने न ओढता हळूच पाण्याच्या थेंबात ठेवा. प्रत्येक रोम म्हणजे अपित्वचेच्या एकाच पेशीची वाढ आहे, मध्ये आडवी भिंत नाही. वर मेणाचा थरही नाही. त्यामुळे पाणी सहज आत येतं, आणि उघड्या हवेत तितक्याच सहज जातं. डब्याचं झाकण पाच मिनिटं उघडं ठेवून लव कशी लोळते ते पाहा. रोप एका कुंडीतून दुसरीत लावल्यावर पहिले दोन दिवस मान टाकतं ते बऱ्याच अंशी याचमुळे: मोठी मुळं शाबूत असतात, रोम तुटलेले असतात.

मासळीबाजार

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा बाजारात बर्फातला जुना माल जास्त. हा भाग ऑगस्टनंतर, ताज्या बांगड्यावर करा. कोळीणमावशींना आधीच सांगा, “मावशी, कल्ले फेकू नका, तसेच द्या.” त्या हसतील, पण देतील.

कल्ल्याची एक कमान कापून पाण्याने धुवा आणि पाण्यातच ठेवून पाहा. कमानीवर लाल पाकळ्यांच्या दोन रांगा. एक पाकळी काचेवर घेऊन १०० पटीखाली धरली की तिच्या दोन्ही बाजूंना दाट, बारीक पापुद्रे दिसतात. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. तेवढ्याच समुद्राच्या पाण्यात जेमतेम ५-६ मिलिलिटर. एवढ्या गरीब माध्यमातून श्वास घ्यायचा तर पृष्ठभाग प्रचंड हवा आणि रक्त व पाणी यांच्यातला पडदा अतिशय पातळ हवा. शिवाय पापुद्र्यातलं रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं. त्यामुळे पाणी प्राणवायू देत देत गरीब होत गेलं तरी समोर त्याहूनही गरीब रक्त येत राहतं आणि पापुद्र्याच्या टोकापर्यंत देवाणघेवाण थांबत नाही.

आता कल्ला पाण्याबाहेर काढा. पाकळ्या एकमेकींना चिकटून गोळा होतो. हवेत प्राणवायू कितीतरी जास्त असून मासा हवेत गुदमरतो तो यामुळे: पापुद्र्यांना उभं धरायचं काम पाणी करत होतं. शिवाय पातळ पडद्यातून शरीरातलं पाणी खाऱ्या समुद्रात झिरपत राहतं, म्हणून समुद्रातल्या माशाला खारं पाणी पिऊन जादाचं मीठ बाहेर टाकावं लागतं. एका रचनेचे हे दोन खर्च. परीक्षेत कुणी ते विचारत नाही, विचारायला हवेत.

त्याच बांगड्याची त्वचा सोला. बाजूने, मधल्या रेषेच्या वर-खाली, गडद लाल पट्टा आणि बाकीचं मांस फिकट. बांगडा थव्याने अखंड पोहतो. ते संथ पोहणं लाल स्नायूवर चालतं. त्यात प्राणवायू धरून ठेवणारं मायोग्लोबिन, भरपूर तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे कण) आणि चरबी. फिकट स्नायू शत्रू दिसला की झटकन पळायला. जोर मोठा, दम कमी. पापलेटमध्ये असा ठळक पट्टा दिसत नाही, आणि बोंबलाच्या मांसात तर पाण्याचंच प्रमाण इतकं की हातात धरला तरी लोंबतो. कोंबडीत हाच फरक छाती आणि तंगडी यांत आहे. कोंबडी पायांवर उभी राहते, चालते, उडते मात्र क्वचितच, म्हणून तंगडी गडद.

स्नायूची काचपट्टी कोंबडीच्या छातीची करा, तंतू सहज सुटतात. लिटरला ९ ग्रॅम मीठ अशा पाण्याच्या थेंबात तांदळाच्या कणीएवढा कच्चा तुकडा ठेवा आणि दोन सुयांनी लांबीच्या दिशेने विंचरत जा. मिथिलीन ब्लू लावा, ४०० पटीवर प्रकाशाची झडप जवळजवळ बंद करा. झडप पूर्ण उघडी ठेवली तर आडवे पट्टे उजेडात बुडून जातात. एका तंतूत कडेकडेला अनेक केंद्रकं दिसतील, कारण अनेक पेशी एकत्र मिळून हा तंतू झालाय. इतक्या लांब पेशीचा कारभार एका केंद्रकाच्या आवाक्यातला नाही. हा तंतू पुन्हा विभागत नाही.

मटणवाल्याकडून तीन गोष्टी

वजडी, नळी आणि पायाचा तुकडा. वजडी पाण्यात बुडवून हातभिंगाने पाहा. जाड, केसाळ दिसणारा भाग शेळीच्या मोठ्या जठराचा. सूक्ष्मजीव चारा आंबवून जी मेदाम्लं तयार करतात ती शोषून घ्यायला ते उंचवटे आहेत. ताज्या लहान आतड्याचा तुकडा मिळाला तर आतून उभा चिरा आणि पाण्यात धरा: मखमल दिसते ते विली, प्रत्येक जेमतेम मिलिमीटरभर. त्यांवरच्या स्तंभीय पेशींच्या टोकांना आणखी सूक्ष्म विली असतात, ते आपल्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. माणसाच्या आतड्याचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं, असं वर्षानुवर्षं छापलं जातं. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्याने मोजलं, ते सुमारे ३० चौरस मीटर निघालं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातल्या ३०० चौरस फुटांच्या खोलीपेक्षा थोडंसंच जास्त. तेही कमी नाही. या पेशी चार-पाच दिवसांत झिजून जातात आणि नव्या येतात. अन्नाच्या, पाचकरसांच्या मध्ये उभं राहण्याचा हा हप्ता.

नळी उभी कापून घ्या. मधला भाग पोकळ, भिंत घट्ट. टोकांना जाळीदार हाड, सांध्यावर येणारा भार जाळीच्या आडव्यातिडव्या पट्ट्यांतून वाटला जातो. टोकावरची निळसर पांढरी, गुळगुळीत टोपी म्हणजे कास्थी. ती दाब सोसते, पण तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे जखम झाली तर भरून यायला फार वेळ लागतो. पायाच्या तुकड्यातला चमकदार पांढरा दोर म्हणजे स्नायुरज्जू, कोलॅजेनचे समांतर तंतू. उभा ओढा, तुटत नाही. सुईने बाजूने विंचरा, लगेच सुटतो. ताण एकाच दिशेने येतो, म्हणून ताकदही एकाच दिशेने. पायांचा रस्सा फ्रिजमध्ये जेलीसारखा धरतो ते हेच कोलॅजेन.

सगळं झाल्यावर पाट आणि ब्लेड साबणाने, मग उकळत्या पाण्याने. मांसाचे नमुने रात्रभर बाहेर ठेवू नका.

आपल्या पेशी

तोंड खळखळून धुवा, दातकोरणीच्या बोथट टोकाने गालाची आतली बाजू हलकेच घासा, काचेवर पसरवा, मिथिलीन ब्लू. प्रत्येकाने फक्त स्वतःचीच पेशी घ्यायची आणि दातकोरणी लगेच टाकायची. चपट्या, कडा दुमडलेल्या, मध्ये निळं केंद्रक, आकार ०.०५ ते ०.०६ मिलिमीटर. इतक्या सहज त्या निघून आल्या, हेच त्यांचं काम: तोंडाचं अस्तर अनेक थरांचं आहे आणि वरचा थर घासला जाऊन गळण्यासाठीच असतो. फुफ्फुसातल्या वायुकोशाच्या चपट्या पेशी मात्र एकाच थरात असतात, कारण तिथे घासणं नाही, वायूंची देवाणघेवाण आहे.

रक्तासाठी घरी बोट टोचू नका. माणसाच्या रक्ताची तयार काचपट्टी घ्या आणि तिच्या जोडीला कोंबडीच्या ताज्या कलेजीचा कापलेला भाग काचेला टेकवून, सुकवून, मिथिलीन ब्लू लावा. कोंबडीच्या तांबड्या पेशी लांबट आणि प्रत्येकीत केंद्रक. माणसाच्या पेशी गोल, मध्ये दबलेल्या, ७ ते ८ मायक्रोमीटरच्या, केंद्रक नाही, तंतुकणिकाही नाहीत. जागा सगळी हिमोग्लोबिनला, आणि वाहून न्यायचा प्राणवायू स्वतः खर्च करायचा नाही. पण नवी प्रथिनं बनवता येत नसल्याने झालेली झीज भरून काढता येत नाही, म्हणून आयुष्य १२० दिवसांचं, आणि हाडांतल्या मज्जेला दर सेकंदाला सुमारे २० लाख पेशी नव्याने घडवाव्या लागतात.

चेतापेशी घरी पाहणं शक्य नाही, तयार काचपट्टीवर समाधान माना. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तिचा लांब धागा, म्हणजे अक्षतंतू, सुमारे मीटरभर लांब असतो, एवढं मात्र पट्टीवर मोजून मुलांना दाखवा.

उत्तर कसं लिहायचं

वहीत प्रत्येक नमुन्यासाठी चार ओळी: काय दिसलं (मापासह), त्यामुळे काय घडतं, त्या घडण्यामुळे कोणतं काम होतं, आणि त्यासाठी काय सोडलं. दुसरी ओळ बहुतेकांकडून राहते. ‘मूलरोम लांब असतात म्हणून पाणी शोषतात’ हे अर्धं उत्तर आहे. ‘मूलरोम ही पेशीची लांब, बारीक वाढ असल्याने आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो, मेणाचा थर नसल्याने मातीतलं पाणी परासरणाने लवकर आत येतं, पण उघड्यावर पडल्यास रोम लगेच सुकतात’ हे पूर्ण.

‘पेशीला पाणी हवं होतं म्हणून तिने केस वाढवले’ असं लिहू नका. पेशी ठरवत नाही. ज्या वनस्पतींच्या मुळांना पृष्ठभाग जास्त होता त्या टिकल्या, त्यांचं बी पुढे गेलं.

होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेच्या प्रात्यक्षिक फेरीसाठी तयारी करत असाल तर काचपट्टी स्वतः बनवण्याचा हात बसवा आणि आकृती पेन्सिलीनेच काढा: छटा न देता, एकेरी स्पष्ट रेषेत, नावांच्या रेघा एकमेकींना न छेदता, एकाच बाजूला. आकृतीखाली किती पटीने पाहिलं तो आकडा लिहा, त्याशिवाय तुमची ०.३ मिलिमीटरची पेशी तपासणाऱ्याला कळणार नाही.